फिटनंतरची गुंगी: औषध देताना घरच्यांनी काय पाहावे आणि काय लिहून ठेवावे

मेंदूविकारतज्ज्ञांच्या खोलीत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. फिट किती वेळ चालली, हा पहिला. आणि औषध दिल्यानंतर रुग्ण किती वेळ झोपला व उठल्यावर कसा होता, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आपण "खूप वेळ" असे देतो आणि दुसऱ्याचे "बराच वेळ" असे. माझ्या मुलाला वयाच्या ५ व्या वर्षापासून अपस्मार आहे, आता तो १९ वर्षांचा आहे, आणि या १४ वर्षांतली पहिली तीन वर्षे मी हीच दोन उत्तरे देत काढली. फिटबद्दल डॉक्टर खोदून विचारत, त्यामुळे तिची काही माहिती तरी त्यांच्यापर्यंत पोहोचत असे. गुंगीबद्दल मात्र आम्हीच बोलत नसू, कारण औषध म्हटले की गुंगी येणारच, असे धरून आम्ही ती मुकाट्याने सोसत होतो. पुढे लक्षात आले की मात्रा कमी करायची, वेळ बदलायची की औषधच बदलायचे, हा निर्णय डॉक्टर या गुंगीच्या हिशोबावर घेतात, आणि तो हिशोब घरच्यांखेरीज कोणाकडेच नसतो. म्हणून फिटचे औषध कसे द्यावे याबरोबरच त्यानंतरच्या गुंगीकडे कसे पाहावे, यावर येथे भर दिला आहे. मात्रा प्रत्येकाची वेगळी असते आणि ती डॉक्टरच ठरवतात. येथे दिलेले आकडे हिशोब समजावा म्हणून आहेत.

औषध कोणते, आणि ते गुंगी का आणते

तीव्र फिटमध्ये गुंगी आणणारी औषधे तीन निरनिराळ्या प्रसंगी येतात आणि बहुतेक गोंधळ ते प्रसंग एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. चालू असलेली फिट थांबवण्यासाठी घरी मिडाझोलमचा नाकात मारायचा फवारा किंवा गुदद्वारातून द्यायचे डायझेपाम वापरतात, तर रुग्णालयात शिरेतून लोराझेपाम देतात. फिट येऊच नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्यांमध्ये क्लोबाझम आणि क्लोनाझेपाम येतात, आणि १९१२ पासून वापरात असलेले फेनोबार्बिटोनही येते, ज्याला आपल्याकडचे जुने रुग्ण अजून 'गार्डेनाल' याच नावाने ओळखतात. तिसरा प्रसंग अतिदक्षता विभागातला: साध्या इंजेक्शनांनी फिट थांबली नाही, तर मिडाझोलम, प्रोपोफॉल किंवा थायोपेंटोनची संततधार लावून रुग्णाला मुद्दाम बेशुद्ध ठेवावे लागते.

मेंदूत पेशींना चेतवणारी आणि शांत करणारी अशी दोन्ही प्रकारची रसायने असतात. शांत करणाऱ्यांत 'गाबा' हे मुख्य रसायन, आणि वरची बहुतेक औषधे गाबाचाच जोर वाढवतात. फिट थांबते ती त्यामुळे आणि डोळे मिटतात तेही त्यामुळेच. म्हणजे गुंगी हा औषधाचा बिघाड नसून त्याच कामाची दुसरी बाजू आहे. प्रश्न उरतो तो ती किती आणि किती वेळ असावी एवढाच.

घड्याळाचे महत्त्वही याच यंत्रणेतून कळते. बहुतेक मोठ्या फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. ५ मिनिटे उलटूनही झटके चालू असले, तर त्या आपोआप थांबण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि म्हणूनच आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१५ मध्ये केलेल्या व्याख्येत झटक्यांच्या मोठ्या फिटसाठी ५ मिनिटे ही उपचार सुरू करण्याची आणि ३० मिनिटे ही मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका सुरू होण्याची मर्यादा धरली आहे. फिट जितकी लांबते, तितके पेशींच्या पृष्ठभागावरचे गाबाचे ग्राहक, म्हणजे गाबा जिथे चिकटून काम करतो त्या जागा, आत ओढले जातात आणि औषधाला पकड घ्यायला जागाच कमी उरते. सहाव्या मिनिटाला जी मात्रा काम करते, तीच पंचविसाव्या मिनिटाला अपुरी पडू शकते. "आणखी थोडे थांबून पाहू" हा विचार येथे उपयोगाचा नाही.

चिठ्ठी आधी, फवारा नंतर

फवारा घरात आणण्यापूर्वी डॉक्टरांकडून एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: औषध किती मिनिटांनी द्यायचे, किती मिलीग्रॅम आणि म्हणजे किती फवारे, दुसरी मात्रा द्यायची का व किती वेळाने, २४ तासांत जास्तीत जास्त किती, आणि रुग्णालयात केव्हा निघायचे. ओपीडीत गर्दी असते हे खरे, तरी हा कागद मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नये.

फवाऱ्यांचा हिशोब मी सविस्तर सांगते, कारण चूक येथेच होते. लहान मुलांत नाकातून द्यायच्या मिडाझोलमची मात्रा साधारणपणे वजनाच्या दर किलोला ०.२ मिलीग्रॅम अशी धरतात. म्हणजे २० किलोच्या मुलाला ४ मिलीग्रॅम. बाजारात एका फवाऱ्यात ०.५ मिलीग्रॅम औषध देणाऱ्या बाटल्या आहेत आणि १.२५ मिलीग्रॅम देणाऱ्याही आहेत. पहिल्या बाटलीतून ४ मिलीग्रॅमसाठी ८ फवारे लागतील, चार एका नाकपुडीत आणि चार दुसऱ्या. दुसऱ्या बाटलीतून साधारण तीनच पुरतील. माझा मुलगा ७ वर्षांचा असताना त्याचे वजन बरोबर २० किलो होते आणि आमच्या फ्रिजवर "८ फवारे" एवढेच लिहिलेले होते. एकदा बाटलीची मुदत संपली म्हणून नवी आणली, दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली, खोके तेवढेच लहान आणि झाकणही तसेच निळे. रात्री खोक्यावरची बारीक अक्षरे वाचताना १.२५ हा आकडा दिसला तेव्हा माझे हात गार पडले, कारण त्याच बाटलीतून आठ फवारे मारले असते तर मुलाला अडीच पट औषध गेले असते. उलट चूकही तितकीच सर्रास होते: एक फवारा मारून "औषध दिले" असे समजायचे आणि औषध लागू पडत नाही म्हणून घाबरायचे. तेव्हा कागदावर फवाऱ्यांची संख्या, एका फवाऱ्यातले मिलीग्रॅम आणि औषधाचे नाव हे तिन्ही एकत्र लिहावे, बाटली बदलली की तो कागद फाडून नवा लिहावा, आणि वाढत्या मुलाचे वजन दर सहा महिन्यांनी करून मात्रा पुन्हा विचारून घ्यावी.

मिडाझोलम आणि डायझेपाम ही दोन्ही औषधे 'शेड्यूल एच-वन' या सरकारी नियंत्रित औषधांच्या यादीत मोडतात. दुकानदाराला त्यांच्या विक्रीची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते, त्यामुळे चिठ्ठीशिवाय ती मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. तालुक्याच्या गावी फवारा लगेच हाती येईल याची खात्री नसते. दोन आठवडे आधी सांगून मागवलेला बरा.

नव्या बाटलीच्या नळीत हवा असते. माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे आधी काही फवारे हवेत मारून, बारीक तुषार येऊ लागल्यावरच ती वापरायला तयार झाली असे समजावे. बरेच दिवस पडून राहिल्यावर हे पुन्हा करावे लागते. ही रंगीत तालीम शांत दुपारी करावी. बाटली उन्हापासून दूर, लहान मुलांच्या हाती लागणार नाही पण मोठ्यांना अंधारातही सापडेल अशा ठरलेल्या जागी असावी. आमच्याकडे ती देवघराच्या वरच्या कप्प्यात असते, कारण घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनाही, देवघर कुठे आहे हे सांगावे लागत नाही.

प्रत्यक्ष फिटच्या वेळी

पहिली कृती घड्याळ पाहण्याची. मोबाईलवर वेळ मोजायला लावावी, आणि घरात दुसरे कोणी असेल तर ते काम त्यांना द्यावे. फिट पाहणाऱ्याला एक मिनिट दहा मिनिटांसारखे वाटते. त्यानंतर रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली घडी केलेली चादर द्यावी, गळ्याजवळची बटणे सोडावीत, चष्मा काढावा. दातखीळ बसली म्हणून तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये, हात-पाय दाबून धरू नयेत. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांचा काही उपयोग नाही. शेजारच्या काकूंनी आणून दिलेली चप्पल नम्रपणे बाजूला ठेवावी आणि त्यांना रस्त्यावर रुग्णवाहिका दिसते का ते पाहायला पाठवावे. कामाला लागलेली माणसे कमी घाबरतात.

कागदावरची वेळ झाली की नाकातला शेंबूड किंवा फेस पुसून घ्यावा, डोके एका हाताने स्थिर धरावे, बाटलीचे टोक नाकपुडीत किंचित आत नेऊन ठरलेले फवारे दोन्ही नाकपुड्यांत वाटून मारावेत, मोठ्याने मोजत. मनातल्या मनात मोजलेले आकडे अशा वेळी चुकतात. औषध दिल्याची वेळ लगेच लिहावी. कागद नसेल तर हातावर पेनाने लिहिली तरी चालते. परिणाम दिसायला काही मिनिटे लागतात. फिट थांबत नाही म्हणून कागदात नसलेली दुसरी मात्रा आपल्या मनाने देऊ नये, कारण या औषधांचा खरा धोका श्वास मंदावण्याचा आहे आणि जास्तीच्या मात्रेने तो वाढतो.

औषध देऊन ५ मिनिटे झाली तरी झटके चालू असणे, थांबून पुन्हा सुरू होणे, श्वास अडखळणे, ओठ निळसर पडणे, पडून डोक्याला मार लागणे, फिट पाण्यात येणे, रुग्ण गरोदर असणे, यांपैकी काहीही असेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा. हे औषध आयुष्यात पहिल्यांदाच दिले जात असेल, तर फिट थांबली तरी फोन करावाच. या रुग्णाचा श्वास त्यावर कसा राहतो, हे अजून कोणालाच माहीत नसते.

झोप लागल्यावर

झटके थांबले की घरातले सगळे सैल पडतात. कोणी चहा टाकते, कोणी नातेवाइकांना फोन लावते, आणि ज्याच्याकडे पुढचा तासभर एकटक पाहायला हवे तो एकटाच खोलीत राहतो. माझ्या मते घरच्या उपचारातली सर्वांत दुर्लक्षित वेळ हीच.

रुग्णाला कुशीवरच ठेवून छाती किंवा पोट किती वेळा वर-खाली होते ते पूर्ण एक मिनिट मोजावे आणि दर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शांत झोपलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, मुले त्याहून जास्त. प्रौढात हा आकडा १० च्या खाली गेला, श्वासांत लांब खंड पडू लागले किंवा घशात घरघर सुरू झाली, तर वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट पाहायची ती ही की झोप कशाची आहे. मोठ्या फिटनंतर मेंदू थकून स्वतःच झोपतो, त्यावर औषधाची झोप चढते, आणि या दोन्हींसारखीच दिसणारी तिसरी अवस्था अशी असते की बाहेरचे झटके थांबलेले असतात पण मेंदूतली फिट चालूच असते. औषधाने झोपलेल्या माणसाला नावाने हाक मारली, तळवा चोळला तर तो हात ओढून घेतो, कुरकुरतो, कूस बदलतो, आणि दर अर्ध्या तासाला त्याचा प्रतिसाद थोडा वाढत जातो. याउलट डोळे एका बाजूला खिळलेले असणे, पापणी किंवा एखादे बोट सतत फडफडणे, तास होत आला तरी चिमट्यालाही प्रतिसाद नसणे, ही लक्षणे असल्यास "झोपू द्या, दमलाय" म्हणून सोडून देऊ नये. ती आतली फिट ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढल्याशिवाय ओळखता येत नाही. पूर्ण जाग येऊन स्वतः बसून घोट गिळता येईपर्यंत तोंडाने पाणी, साखर, गोळी काही देऊ नये.

जाग आल्यानंतरचा अनुभव रुग्णांकडूनच ऐकावा. मुलगा म्हणतो की टीव्हीचा आवाज आधी येतो आणि त्याचा अर्थ नंतर येतो. जीभ जड असते, म्हणून तो हातानेच खुणा करतो. मिडाझोलम नव्या आठवणी साठू देत नाही, ही गोष्ट मला फार उशिरा समजली. तो दहावीत असताना एका सकाळी फिट आली, दुपारी तो उठला, नीट बोलला, वरणभात मागून जेवला, परीक्षेच्या हॉल तिकिटावर कोणता फोटो लावायचा यावर आमचा वादही झाला, आणि संध्याकाळी त्याने विचारले, "आई, आज जेवायला काय होते?" ती दुपार त्याच्या लेखी झालेलीच नव्हती. तेव्हापासून औषधानंतरच्या २४ तासांत त्याला काही महत्त्वाचे सांगायचे असेल तर आम्ही कागदावर लिहून उशाशी ठेवतो, आणि त्याने "हो" म्हटले म्हणून ते त्याच्या लक्षात राहिले असे मानत नाही. त्या दिवशी गाडी चालवणे, गॅसजवळ एकट्याने उभे राहणे, कागदांवर सह्या करणे टाळावे, आणि बाथरूमचे दार लोटून घ्यावे पण कडी लावू नये.

काही मुलांत आणि वयस्कर माणसांत हे औषध उलटे वागते. शांत होण्याऐवजी रुग्ण रडतो, हसतो, शिव्या देतो, अंगावर धावून येतो. तो हट्ट नाही आणि अंगात येणेही नाही. दिवे मंद करून, कमीत कमी बोलून, जवळ एकच माणूस ठेवून ती वेळ काढावी, आणि हा प्रकार डॉक्टरांना अवश्य सांगावा, म्हणजे पुढच्या वेळेसाठी औषध बदलायचे का याचा विचार त्यांना करता येतो.

रोजच्या गोळीची झापड

तातडीच्या औषधाची गुंगी काही तासांची असते, रोजच्या गोळीची मात्र आयुष्यात मुरते आणि माणसाचा स्वभाव वाटू लागते. आठवीत मुलाच्या वर्गशिक्षिकेने वहीत लिहून पाठवले की हा पहिल्या दोन तासांना पेंगतो. मी त्याला रात्री मोबाईलवरून रागावले. तोवर क्लोबाझमची मात्रा वाढून तीन आठवडे झाले होते, आणि त्या दोन गोष्टींचा संबंध मला लागला नव्हता.

क्लोबाझम यकृतात मोडून त्यापासून दुसरे एक रसायन तयार होते, तेही गुंगी आणते आणि मूळ औषधापेक्षा जास्त काळ अंगात टिकते. त्यामुळे आज वाढवलेल्या मात्रेचा पूर्ण परिणाम दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. फेनोबार्बिटोनचेही तसेच आहे. म्हणून मात्रा बदलल्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि पुढचे तीन आठवडे झोप, भूक, चाल, बोलणे, चिडचिड यांकडे लक्ष द्यावे. हे दुसरे रसायन शरीराबाहेर टाकण्यासाठी जे विकर (एन्झाइम) लागते ते काही माणसांत जन्मतःच मंद असते, आणि आशियाई लोकांत असे असण्याचे प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा अधिक आहे. त्याच १० मिलीग्रॅमवर एक जण ऑफिसला जातो आणि दुसरा दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नाही, तो यामुळे. त्या दुसऱ्याला आळशी म्हणू नये. ॲसिडिटीसाठी घेतलेले ओमेप्राझोल किंवा बुरशीवरचे फ्लुकोनाझोल यांनीही हे रसायन साठून गुंगी वाढते, आणि सर्दीच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे व दारू यांनी तर थेट भर पडते. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकून न्यावीत.

रुग्ण ज्या तक्रारी सांगतात त्या बहुधा अशा: सकाळी डोके जड, उशी लाळेने ओली, जिना उतरताना तोल जाणे, शब्द ओठांवर असून न सुचणे, आणि मुलांत एकाएकी वाढलेली चिडचिड. फेनोबार्बिटोनवर काही मुले झोपाळू होण्याऐवजी एका जागी बसेनाशी होतात. यांतल्या बऱ्याच तक्रारींवर उपाय असतो. गोळीचा मोठा भाग रात्री देणे, वाढ अधिक सावकाश करणे, सोबतच्या दुसऱ्या औषधाची मात्रा घटवणे, हे सारे डॉक्टर करू शकतात. वयस्कर माणसाच्या खोलीतली चटई उचलावी आणि रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवावा, कारण तोल जाऊन मोडलेले हाड फिटइतकेच महागात पडते. अंगावर पुरळ येऊन तोंडात फोड किंवा त्वचा सुटू लागली, तर मात्र ती गोष्ट पुढच्या भेटीपर्यंत न ठेवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गुंगी नको म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे ही मी पाहिलेली सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती करणारी माणसे अडाणी नसतात. औषध सुरू असताना मेंदू त्याच्या आधाराला सरावतो. तो आधार एकदम काढला की आधीपेक्षा मोठ्या आणि लागोपाठ फिट येऊ शकतात. गोळी बंद करायचीच झाली तर ती आठवड्या-महिन्यांच्या टप्प्यांनी, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळापत्रकाने. याचीच दुसरी बाजू अशी की काही महिन्यांनी क्लोबाझमचा प्रभाव काही जणांत ओसरतो आणि फिट परत दिसू लागतात. तो रुग्णाचा किंवा पथ्याचा दोष नसतो, शरीर सरावल्याचा परिणाम असतो, आणि त्यावर मनाने गोळी वाढवणेही तितकेच चुकीचे आहे.

उपवास आणि जागरण यांबद्दल दोन शब्द. नवरात्रात, चतुर्थीला किंवा रोज्याच्या महिन्यात गोळीची वेळ सरकते. ती कशी बसवायची हे आधी विचारून घ्यावे, आणि गोळीसोबतच्या दोन घोट पाण्याने व्रत मोडते असे ज्यांना वाटते त्यांना डॉक्टरांसमोरच बसवावे. जागरण-गोंधळ, लग्नाच्या आदल्या रात्रीची धावपळ, गणपतीतली रात्रभराची आरास यांत झोप बुडते, आणि बुडालेली झोप हे फिटचे नेहमीचे निमित्त आहे. दुसऱ्या दिवशी दिसणारी ग्लानी जागरणाची की गोळीची, हेही मग कळेनासे होते.

अतिदक्षता विभागातून परत आल्यावर

मुलगा १४ वर्षांचा असताना तापात उलट्या होऊन दोन दिवसांच्या गोळ्या पोटात राहिल्या नाहीत आणि मी डॉक्टरांना फोन करण्यात एक रात्र घालवली. पुढचे चार दिवस तो व्हेंटिलेटरवर, मिडाझोलमच्या धारेखाली होता. काचेतून पाहताना मला वाटत होते की तो शांत झोपला आहे. त्याच्या आठवणीत मात्र तो एसटीच्या मागच्या सीटवर होता, गाडी सतत मागे जात होती, मागे घेताना वाजते तशी शिट्टी थांबत नव्हती, आणि कंडक्टर त्याला उतरू देत नव्हता. शिट्टी यंत्राची होती आणि कंडक्टर म्हणजे त्याचा हात पुन्हा पुन्हा नळीपासून दूर करणाऱ्या परिचारिका. असे भास या औषधांत आणि त्या वातावरणात पुष्कळांना होतात, आणि घरी आल्यावरही काही आठवडे रात्री परत येतात. रुग्ण ते सांगायला लाजतो.

यावर घरच्यांना करता येण्यासारखे बरेच आहे. भेटीच्या वेळी जवळ जाऊन नाव, वार, वेळ आणि ठिकाण सांगावे, तो झोपलेला दिसला तरी. त्याचा चष्मा परिचारिकांकडे देऊन ठेवावा. रोज काय झाले ते दोन ओळींत लिहून ठेवावे, आणि तो बरा झाल्यावर त्याच्यासोबत बसून वाचावे. माझ्या मुलाला हरवलेले चार दिवस त्या दोन-दोन ओळींतून परत मिळाले आणि कंडक्टर कोण होता हे कळल्यावर तो पहिल्यांदा हसला. सुटी मिळताना सांगितलेल्या सूचना रुग्णाच्या लक्षात राहणार नाहीत, त्या दुसऱ्याने ऐकाव्यात. स्नायूंना आलेला अशक्तपणा आणि मंदावलेले बोलणे सुधारायला वेळ लागतो. त्यात दिवसेंदिवस उतार दिसण्याऐवजी वाढ दिसली, तर ते कळवावे.

वही

शंभर पानी साधी वही पुरते. फिटसाठी एक पान आणि गुंगीसाठी समोरचे पान, अशी विभागणी मला सोयीची पडली. एक नोंद जशीच्या तशी देते: "मंगळवार. सुरुवात सकाळी ६.१०. आधी उजवा हात, मग सर्व अंग. ६.१५ फवारा, ठरलेली पूर्ण मात्रा. ६.१८ थांबली. श्वास १६, ओठ ठीक. ७.०० हाकेला हूं. ८.४० डोळे उघडले, ओळखले. ११.०० चालला, तोल जातो. दुपारी जेवला, संध्याकाळी आठवत नाही. आदल्या रात्री २ वाजता झोपला." समोरच्या पानावर रोजच्या गुंगीला ० ते ३ असे गुण: शून्य म्हणजे नेहमीसारखा, एक म्हणजे जांभया, दोन म्हणजे बसल्याबसल्या डुलकी, तीन म्हणजे उठवूनही न उठणारा. सोबत गोळ्यांच्या वेळा. हे गुण रुग्णाने स्वतः द्यावेत आणि शेजारी घरच्यांनी वेगळे द्यावेत. माझा मुलगा स्वतःला एक देई तेव्हा मी तीन देत असे, आणि डॉक्टरांना त्या फरकातच रस होता. शक्य असेल तर फिटचा आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासाचा थोडा व्हिडिओ काढून ठेवावा, फक्त तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दर वेळी नवे डॉक्टर भेटतात, केसपेपरवर दोन ओळींपेक्षा जास्त जागा नसते, आणि सकाळी सातपासून रांगेत उभे राहिलेल्या माणसाला तीन मिनिटांत सगळे आठवत नाही. वहीच्या शेवटच्या महिन्याचा गोषवारा एका वेगळ्या कागदावर काढून तोच आधी पुढे करावा: किती फिट, त्यांतल्या किती ५ मिनिटांवर, किती वेळा फवारा, किती दिवस गुंगी दोन किंवा तीन. आठवीतल्या त्या पेंगण्याचा निकाल असाच लागला. तीन आठवड्यांचे आकडे पाहून डॉक्टरांनी क्लोबाझमची सकाळची अर्धी गोळी काढून रात्रीच्या गोळीत घातली, चार आठवड्यांनी परत बोलावले, आणि वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला फवाऱ्याच्या बाटलीची मुदत लिहायला सांगितली, कारण ती त्या महिन्याअखेर संपत होती.